दोन भिंतींमधली गर्दी

दुपारी तान्ह्या कोपनं तोंड उघडलं, कपाळाला आठ्या घातल्या, मुठी आवळल्या, चेहरा लालबुंद केला. आणि आवाज आला नाही. दालावन वाट पाहत राहिली. तिला वाटलं, श्वास कोंडून धरलाय, आता टाहो फुटेल. टाहो फुटला नाही. तोंड तसंच उघडं, जीभ थरथरतेय, आणि बाहेर नुसता एक खरखरीत वारा, सायकलच्या ट्यूबमधून निसटावा तसा. बाहेरच्या खोलीत पत्त्यांचा डाव रंगला होता. बाळंतिणीच्या घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी येऊन बसायचं, खायचं, प्यायचं, हसायचं, म्हणजे भुतंखेतं आत यायला कचरतात. म्हणून बाळ झाल्यापासून तिच्या नवऱ्याचे, सिसवातचे, मित्र रोज न चुकता भुतं हाकलायला येत होते. कोणीतरी राणी टाकली, कोणीतरी त्या राणीला उद्देशून चावट काहीतरी बोललं, खोली हसली. मुलाचं रडणं कोणालाच ऐकू आलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं त्यात काही नव्हतंच. घरात एक मूल जिवाच्या आकांतानं रडत होतं आणि ते फक्त तिला दिसत होतं.

तिनं त्याला उचललं, छातीशी लावलं. त्यानं तोंड फिरवलं. कालही फिरवलं होतं. परवा दूध ओढून लगेच सगळं ओकून टाकलं होतं, आणि सासूनं ओकारीचा वास घेऊन सांगितलं होतं, "दूध थंड पडलंय तुझं. काढा वाढव." तेव्हापासून काढा वाढला होता. बांबूच्या बाजेखाली शेगडी, शेगडीत चोवीस तास धगधगते कोळसे, शेजारी झाडाच्या सालींचं काळंभोर पाणी उकळणारं पातेलं, खिडकी बंद, दाराला जाड पडदा. अंगाखालची बाज अशी तापलेली की एका कुशीवर फार वेळ राहता येत नसे; म्हणून ती भाकरी भाजावी तशी स्वतःला उलटत-पालटत राही. व्हिएन्तिआनसारख्या शहरात, बाहेर मोबाइलची दुकानं नि कॉफीचे ठेले असताना, विद्यापीठात जीवशास्त्र शिकवणारी बाई विस्तवावर पडून राहते याचं तिला स्वतःलाच आधी हसू यायचं. बाळंतपणाआधी ती सिसवातला म्हणाली होती, "मी काही हे सगळं करणार नाही हं." तो म्हणाला होता, "मायला तू सांग." तिनं सांगितलं नाही. तिची स्वतःची आई लग्नाआधीच गेली होती. या जगात तिच्यासाठी पहाटे उठून कोळसे फुलवणारी बाई म्हणजे ही सासू एकच उरली होती, आणि त्या बाईच्या हातांना भाजल्याचे फोड होते. फोड आलेल्या हातांना नाही म्हणता येत नाही.

"माय," तिनं पडद्याकडे तोंड करून हाक मारली. "इकडे या ना जरा. कोपचा आवाज बसलाय."

सासू, माय पेंग, पडदा सारून आल्या. ठेंगण्या, काटक, ओठ सुपारीनं रंगलेले. कोप हे नाव त्यांनीच ठेवलेलं. कोप म्हणजे बेडूक. कागदावर त्याचं नाव चांगलं लांबलचक नि राजेशाही होतं, पण ते घरात उच्चारायचं नाही. चांगल्या नावाचं मूल कोणालाही हवंसं वाटतं, बेडकाला कोण नेतंय?

"बसेल नाहीतर काय," त्या म्हणाल्या. "रात्रभर बोंबलत होता. बाप पण असाच होता, सगळा जोर घशात." मग त्या वाकल्या. कोपनं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तो वारा. माय पेंग वाकलेल्याच राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला होता. "ख्वन निघून गेलाय त्याचा. अंगातल्या बत्तीस जिवांपैकी एखादा बाहेर फिरायला गेला की असं होतं. आज संध्याकाळी मनगटाला दोरे बांधू, बोलावून घेऊ. तू हलू नकोस. विस्तव सोडू नकोस."

"दवाखान्यात..."

"वारा लागेल. तुला लागेल, दुधाला लागेल, त्याला लागेल."

पडदा पडला. दालावन पाहत राहिली. पाहणं हे एवढंच काम तिला विस्तवावर आल्यापासून उरलं होतं आणि त्यात ती तरबेज झाली होती. मुलाच्या नाकपुड्या फुलत होत्या. फासळ्यांखाली पोट आत ओढलं जात होतं, भराभर, धावून आल्यासारखं. आणि ते तर कुठेच धावलं नव्हतं, जन्मल्यापासून ते या बाजेवरून हललंही नव्हतं. वरच्या ओठावर घामाचे थेंब. पापण्या किंचित सुजलेल्या. पावलावर बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि सावकाश भरायचा. हवा तर तो एवढी घेतोय, तिनं मनाशी म्हटलं. हवा कमी नाही. मग धापा कशाच्या?

हवा कशासाठी लागते, हा तिचा दरवर्षीचा पहिला प्रश्न असे. पहिल्या वर्षाची मुलं म्हणत, जगायला. ती म्हणे, ते कोंबडीलाही माहीत आहे, पुढे सांगा. मग ती फळ्यावर शेंगदाण्यासारखा एक आकार काढी. मायटोकॉन्ड्रिया. प्रत्येक पेशीत असे शेकडो. बाहेरची एक भिंत, आत घड्या घड्या पडलेली दुसरी भिंत, आणि दोहोंच्या मध्ये एक चिंचोळा बोळ. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन आतल्या भिंतीत एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आग विझवताना माणसं रांग लावून बादल्या पुढे देतात तसे, आणि प्रत्येक हाताला थोडे खाली उतरतात. त्या उतरणीच्या जोरावर भिंतीतले पंप प्रोटॉनना बाहेर ढकलतात, त्या बोळात. बोळात दाटी होते. एकमेकांना रेटणारी, आत परत यायला धडपडणारी दाटी. पण भिंत त्यांना येऊ देत नाही. दार एकच, आणि ते दार म्हणजे चाक आहे. प्रोटॉन त्यातून घुसतात तेव्हा ते गरगर फिरतं, आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होतं, ज्याच्यावर बोटही हलतं आणि हृदयही. रांगेच्या अगदी शेवटी ऑक्सिजन उभा असतो, रिकामे हात पसरून, शेवटची बादली झेलायला. तो नसेल तर रांग तुंबते. एवढ्यासाठी हवा, मुलांनो. शेवटी कोणीतरी झेलायला हवं म्हणून. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं होतं, "आचान, त्या प्रोटॉनांना अडकल्यासारखं वाटत असेल ना?" वर्ग खो खो हसला होता. दालावनही हसली होती आणि आचानच्या, म्हणजे बाईंच्या, थाटात म्हणाली होती, "वाटतं म्हणून तर चाक फिरतं." तेव्हा हे उत्तर तिला फार आवडलं होतं. आता कोळशांच्या धगीत पडून ते आठवताना तिला वाटलं, अडकलेल्यांच्या जिवावर जग चालतं असं आपण किती हसत हसत सांगितलं.

शेजारी मुलाची छाती उडत होती. तिनं कान लावला. हृदय धडधडत नव्हतं, फडफडत होतं. आणि मग तो विचार आला, ज्याला ती गेले काही दिवस दारातच थोपवून धरत होती. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात. बापाकडून नाक येतं, कपाळ येतं, हट्ट येतो. पण हे शेंगदाणे फक्त आईचे, तिच्या आईचे, तिच्याही आईचे, कुठेही खंड न पडलेली एक माळ. हेही तिनं वर्गात सांगितलं होतं, मुलींकडे पाहून जरा अभिमानानं. त्या माळेतच कीड असली तर? काही घराण्यांत असते. चाक फिरत नाही, रांगेत एखादा हात लुळा असतो, आणि मूल जन्मून काही आठवड्यांत विझत जातं. तिला मामा आठवला, आईचा सख्खा भाऊ. जिना चढता चढता मध्येच बसायचा, आणि सगळे त्याला आळशी म्हणायचे. खरंच आळशी होता का? आई तरी कशानं गेली? तापानं, असं म्हणाले होते. तापानं कोण मरतं? तिनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. दोन आठवडे झाले, पावलांना मुंग्या येत होत्या, तळव्यांखाली कापूस ठेवल्यासारखं वाटत होतं. बाजेच्या धगीनं, सासू म्हणाली होती. दालावनला एकदम खात्री पटली की ती आणि हे मूल एकाच बोळात अडकले आहेत, आणि बाहेर यायचं चाक तिच्याच पोटातून तुटलेलं आलं आहे. यावर औषध नव्हतं. यावर काही औषध नसतं हेही तिला माहीत होतं. माहीत असण्याचा एवढाच उपयोग होता.

उन्हं उतरली तेव्हा माय पेंग जेवण घेऊन आल्या. वेताच्या करंडीत चिकट भात, वाफाळलेला, बशीत भाजलेलं मीठ आणि भाजलेल्या आल्याच्या चकत्या. रोजचंच. मासे नकोत, मुलाला खाज सुटेल. शेंगा नकोत, वात होईल. पांढऱ्या डुकराच्या मांसाचं तर नावही काढायचं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या एकीनं खाल्लं आणि ती आजतागायत भ्रमिष्टासारखी फिरते.

"खा. गरम आहे तोवर खा," माय पेंग म्हणाल्या. "बघ कसा निघालाय. सगळ्यात पांढरा आणलाय तुझ्यासाठी, बाजारात दुप्पट भाव आहे. रात्रभर भिजवते, पाणी फेकते, परत धुते, परत फेकते. पाणी काचेसारखं निघेपर्यंत सोडत नाही. तुझ्या दुधात एक कण घाण जायची नाही."

दालावननं भाताचा गोळा बोटांत धरला. खरंच पांढरा होता. त्यात काहीही नव्हतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि तिच्या डोक्यात वर्गातला फळा उलटा पुसला जाऊ लागला, शेवटापासून सुरुवातीकडे. ऑक्सिजन आहे; तो धापा टाकून घेतोय. म्हणजे झेलणारा उभा आहे. चाक असेल. भिंती असतील. रांग उभी असेल, हात पसरून. पण बादल्याच आल्या नाहीत तर? साखर पेशीत येते, अर्धी तुटते, आणि मायटोकॉन्ड्रियाच्या तोंडाशी एक वेगळं दार आहे. तिथं तिला पुढचा काप देऊन मग आत घेतात. त्या दाराशी एक एन्झाइम बसलेला, आणि त्याच्या हातात एक छोटं हत्यार. ते हत्यार शरीराला बनवता येत नाही. ते बाहेरून यावं लागतं, रोज, अन्नातून. फळ्याच्या कोपऱ्यात ती ते बारीक अक्षरात लिहायची. बी-वन. थायमिन. तांदळाच्या वरच्या सालीत असतं. पाण्यात विरघळतं. आणि मुलं विचारायची, "आचान, हे परीक्षेत येतं?" आणि ती म्हणायची, नाही, हे फक्त माहितीसाठी.

हत्यार नसलं की साखर दाराशी साचते, आंबते. रक्त आंबट होतं. म्हणून धापा. हृदय उपाशी पडतं आणि फुगतं, आणि फुगलेलं हृदय घशाकडे जाणाऱ्या नसेला दाबतं. म्हणून आवाज नाही. तिनं गोळा खाली ठेवला. तिच्या पायांच्या मुंग्या, तिचे कापसाचे तळवे. तिच्या दुधात खरोखरच एक कण गेला नव्हता.

"माय, मी याला घेऊन दवाखान्यात चाललेय. आत्ता."

"दोरे तयार आहेत. फुलं आणलीत. ख्वन बोलावणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांना सांगून ठेवलंय."

"आजोबांना बसू दे. आपण आल्यावर बांधू."

"आणि विस्तव?"

"विझू दे."

माय पेंगनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं मुलाला खिडकीतून फेकायची भाषा केली असावी. मग त्यांनी पडद्याबाहेर तोंड काढून हाक मारली, "सिसवात! ये, बघ तुझी बायको काय म्हणतेय ते!"

सिसवात आला, हातात पत्ते तसेच पंख्यासारखे धरलेले. चांगला माणूस होता. दोन बायकांच्या मध्ये उभं राहायची वेळ आली की तो हसायचा, आणि दोघींनाही वाटायचं तो आपल्याकडे पाहून हसला. "सकाळी जाऊ ना," तो म्हणाला. "आज मायचे दोरे होऊ दे, सकाळी मी स्वतः टुकटुक रिक्षा आणतो. एका रात्रीनं काय होतंय?"

"सकाळपर्यंत पुरेल एवढं जळण नाहीये त्याच्यात."

"कसलं जळण?"

ती सांगायला गेली. इलेक्ट्रॉन, दार, हत्यार, साल. शब्द तोंडाशी आले आणि त्या कोंदट खोलीत एकदम शब्दच राहिले; पातेल्यातल्या काढ्याला जेवढं वजन होतं तेवढंही त्यांना नव्हतं. "भातातून काढून टाकलेलं काहीतरी," ती म्हणाली. "ते नाहीये त्याच्या अंगात. माझ्याही नाहीये."

"ऐकलंस?" माय पेंग सिसवातला म्हणाल्या. "माझा भात. माझा भात बाधला म्हणे! पुस्तकं वाचून मुलं मोठी होत असती ना, तर लोकांनी लायब्ररीत पाळणे टांगले असते."

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "सिसवात, डाव टाकून पळतोस काय? हरतोयस म्हणून बायकोच्या पदराआड?" परत हशा. दालावननं मुलाला गुंडाळलं आणि बाजेवरून पाय खाली सोडले. जमीन तिला लागलीच नाही. तळव्यांखाली कापूस, कापसाखाली आणखी कापूस. ती उभी राहिली आणि गुडघे ओल्या कागदासारखे दुमडले. मूल छातीशी घट्ट धरून ती शेगडीपासून हातभर अंतरावर बसकण मारून पडली. मुलानं दचकून तोंड उघडलं. आवाज आला नाही.

सिसवातच्या हातातले पत्ते खाली पडले. तिला वाटलं, झालं. आता हे मला उचलून पुन्हा बाजेवर ठेवतील, पांघरूण घालतील, काढा पाजतील, प्रेमानं, सगळं प्रेमानं. प्रेमाची भिंत सगळ्यात जाड असते, तिच्यातून काही पलीकडे जात नाही. आणि मग तिच्या हातातलं ओझं हलकं झालं. माय पेंगनी मूल उचलून घेतलं होतं. त्या त्याच्या उघड्या तोंडाकडे पाहत होत्या.

"टोपी घाल," त्या म्हणाल्या. "कान झाक. मोजे दोन दोन घाल. सिसवात, बघतोस काय बैलासारखा, टुकटुक आण."

लोकरीची टोपी, गळ्याला टॉवेल, वरून ब्लँकेट, आणि टुकटुकच्या उघड्या बाजूंना माय पेंगनी दोन्ही हातांनी धरलेलं प्लास्टिक. इतक्या दिवसांनी दालावन घराबाहेर पडली आणि तिला शहर दिसलंच नाही. प्लास्टिकमागून नुसते रंग सरकत होते, भाजलेल्या मांसाचा वास, हॉर्न, नदीकाठच्या गाण्याचा तुकडा. तिच्या ओठांवर घाम उतरत होता. ती मुलाच्या नाकपुड्या मोजल्यासारख्या पाहत होती. फुलली. मिटली. फुलली. मिटायला उशीर झाला. मिटली.

डॉक्टर तरुण होता, थकलेला. त्यानं आधी मुलाकडे पाहिलं, मग यकृत चाचपलं, मग दालावनच्या टोपीकडे, मोज्यांकडे नजर वळवली. "विस्तवावर आहात? काय खाता?"

उत्तर माय पेंगनी दिलं, ताठ मानेनं. "सगळं पथ्याचं. चिकट भात, मीठ, आलं. एक दिवस मोडलेलं नाही."

दालावन आणि डॉक्टर एकदमच म्हणाले, "थायमिन." तो किंचित हसला. "डॉक्टर आहात?"

"नाही. शिकवते."

"मग बरं झालं आलात. असे पुष्कळ येतात," तो म्हणाला, आणि नर्सनं इंजेक्शन भरलं. एवढंच. ती ज्यासाठी स्वतःच्या आईच्या आईपर्यंत जाऊन शोक करून आली होती त्याची किंमत एका काचेच्या कुपीएवढी होती आणि असे पुष्कळ येत होते. तिलाही एक टोचलं. सुई मुलाच्या मांडीत गेली तेव्हा त्यानं बिनआवाजी किंकाळी फोडली, आणि ती खाटेच्या कडेला बसली, आणि पुन्हा पाहण्याचं काम सुरू झालं.

दाराशी हत्यार पोचलं असेल. साचलेलं आंबट हळूहळू आत घेतलं जात असेल. पहिली बादली पहिल्या हातात. आता उतरण. आता बोळात एक, मग दुसरा, मग गर्दी, रेटा. फिर, ती मनात म्हणाली. फिर, फिर रे. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या गर्दीच्या बाजूनं होती. त्यांना आणखी दाटून घे, आणखी कोंड, असं ती विनवत होती. कधीतरी तिचा डोळा लागला. उघडला तेव्हा खिडकीत करडा उजेड होता, आणि मुलाचं पोट सावकाश वरखाली होत होतं, झोपलेल्या माणसाचं होतं तसं. सिसवात खाली फरशीवर घोरत होता. थोड्या वेळानं कोपनं डोळे उघडले, छाती हुडकली, आणि ओढू लागला. ओढताना त्याच्या घशातून एक चिरका, फाटका, धाग्याएवढा आवाज आला.

डॉक्टर फेरीला आला, छाती ऐकली, मान डोलावली. "विस्तव पुरे. आजपासून मांस, मूग, अंडी, सगळं खायचं. आणि तांदूळ इतका पांढरा नको. कोंड्यातच असतं ते सगळं. रोज गोळीही घ्या." तो पुढच्या खाटेकडे गेला.

माय पेंग खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसल्या होत्या. त्या दूध ओढणाऱ्या कोपकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "सिसवातच्या आधीची दोघं. तुला सांगितलं नाही कधी. अशीच गप्प झाली. एक मुलगी होती."

दालावननं मान वर केली नाही.

"तेव्हा गावात नवीन गिरणी आलेली," माय पेंग म्हणाल्या. "त्याआधी आम्ही उखळात कांडायचो, लाल-पिवळा निघायचा भात. गिरणीतून असा निघायचा, मोत्यासारखा. बाळंतीण होते ना मी, म्हणून घरचे मला तोच द्यायचे. कोंडा डुकरांना. डुकरं काय माजली होती त्या वर्षांत! सगळा गाव बघायला यायचा."

दालावनला वाटलं, खोलीतली हवा संपली. तिला एवढंच समजत होतं की आता काहीतरी बोललं पाहिजे आणि ते लवकर बोललं पाहिजे. "तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, माय. हे सगळं अलीकडचं आहे."

"तुझ्या पुस्तकात कधीपासून आहे?"

माय पेंग जन्मल्याही नव्हत्या तेव्हापासून. फळ्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. "नवीनच आहे," ती म्हणाली. "दहा-पंधरा वर्षं झाली असतील."

माय पेंगनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखाद्या कच्च्या विद्यार्थिनीकडे पाहावं तसं. "मास्तरीण आहेस तू," त्या म्हणाल्या. "खोटं नाही जमत तुला."

कोपचं दूध पिऊन झालं होतं. त्यानं तोंड सोडलं, चेहरा वाकडा केला, आणि तो रडू लागला; बारीक, घोगरा, मध्येच तुटणारा आवाज, पण आवाज. शेजारच्या खाटेवरची बाई झोपेत कूस बदलून वैतागली. माय पेंगच्या मांडीवरचे हात तसेच पडून राहिले. दालावननं मुलाला खांद्यावर घेतलं नाही, थोपटलं नाही, छातीशी लावलं नाही. तो रडत राहिला, आणि दोघींपैकी कोणीही त्याला गप्प केलं नाही.